मागं बसणारीचं माप

आमच्या मोटारसायकलचा मागचा कॅरियर बघायला तासगावच्या बाजारात माणसं थांबतात. उगाच फुगवून सांगत नाही. परवाच भाजी घेऊन आले, तर एक जण गाडीभोवती दोन फेऱ्या मारून, खाली वाकून नट बघत होता. माझ्याकडं न बघताच त्यानं विचारलं, "कुठं करून घेतलाय?"

"घरात."

"कुणी केलाय?"

"आमी दोघांनी."

तेव्हा कुठं त्यानं मान वर केली. माझ्या साडीकडं पाहिलं, हातातल्या मेथीच्या जुडीकडं पाहिलं आणि सरळ निघून गेला. बाई थापा मारते असं त्याला वाटलं असणार. वाटू दे. कॅरियर जागेवर आहे, मी माझ्या जागेवर आहे, आणि दर सोमवारी-गुरुवारी आम्ही दोघं माधवनगरला जातो. दोघं म्हणजे मी आणि माझं शिलाई मशीन. गाडी चालवणारे धरले तर तिघं.

गाडी जुनी आहे. आमचे हे फौजेत होते. सुट्टीवर आले असताना, धाकट्या लेकीच्या बारशाच्या आठवड्यात त्यांनी ती आणली. त्या लेकीची लेक आता शाळेत जाते आणि गाडी अजून पहिल्या किकला सुरू होते. फौजेत ह्यांचं काम गाड्या दुरुस्तीचं. रिटायर होऊन आले तेव्हा ट्रंकेत कपड्यांपेक्षा पाने जास्त होते. घराच्या पडवीत त्यांनी वर्कशॉप मांडलं, आणि तेव्हापासून आसपासच्या द्राक्षबागांचे फवारणीचे ब्लोअर, पाण्याच्या मोटारी, ट्रॉल्यांचे हूक, सगळं आमच्या पडवीत येऊन पडतं. विकत आणलेल्या वस्तूवर ह्यांचा विश्वास नाही. साधा टॉवेल वाळत घालायचा दांडा असला तरी तो स्वतः वेल्डिंग करून, घासून, हिरवा रंग मारून मगच भिंतीला लागतो. आमच्या घरात हिरव्या रंगाचं इतकं सामान आहे, की नवीन पाहुण्याला छावणीत आल्यासारखं वाटतं.

आणि मी ब्लाउज शिवते. पस्तीस वर्षं झाली. माहेर लोणंदचं. माझ्या लग्नात रुखवतावर लाडू-चकल्यांच्या मधोमध भावानं हातमशीन मांडलं होतं. लाकडी बैठकीवरचं, वर लाकडी झाकण, उजव्या बाजूला चाक आणि चाकाला फिरवायचा दांडा. वऱ्हाडातल्या बायका रुखवत बघायला आल्या आणि लाडू सोडून चाक फिरवत बसल्या. लोणंदला रेल्वेत चढल्यापासून सांगलीला उतरेपर्यंत मी ते मशीन मांडीशी धरून बसले होते. नवऱ्याकडं बघायला सवड झाली नाही, असं हे अजून चारचौघांत बोलून दाखवतात.

आमच्या गावातल्या आणि शेजारच्या तीन गावांतल्या बायकांची मापं माझ्या वहीत आहेत. एका बाईला एक पान. वर नाव, खाली छाती, कंबर, बाही, गळा. कुणाचं अंग कधी भरलं, कुणाचं कधी उतरलं, हे त्या वहीवरून सांगता येतं, पण ते मी सांगत नसते. बाई दारातून आत आली की माप मला नजरेनंच कळतं. टेप लावायची ती तिच्या समाधानासाठी. ह्या गोष्टीचा मला गर्व आहे आणि तो मी कधी लपवलेला नाही. पुढं जे घडलं ते माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांसमोर घडलं, म्हणून हे आधी सांगून ठेवते.

माधवनगरला बायकांसाठी शिवणवर्ग निघाला. वर्ग चालवणाऱ्या बाईंनी माझ्या हातचा ब्लाउज कुणाच्या तरी अंगात पाहिला, नंबर मिळवला आणि फोन केला. म्हणाल्या, "आमच्याकडं शिकवायला याल का?" मला आयुष्यात असं कुणी विचारलं नव्हतं. शिवाल का, घाईनं द्याल का, उद्या सकाळी लग्नाला जायचंय, तेवढं होईल का, हेच आजवर विचारायचे. मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर चुलीवरचं दूध उतू गेलेलं बघितलं.

अडचण एकच होती. वर्गात दहा मशिनं आणि दहा बायका. शिकवणारीनं स्वतःचं मशीन आणायचं. ते तिथं ठेवून यायची सोय नव्हती, कारण दुपारी त्याच खोलीत लहान मुलांची शाळा भरते, आणि मुलं मशीनला गप्प बसू देतील हे शक्य नाही. शिवाय बाकीच्या दिवशी घरी माझी गिऱ्हाइकं. म्हणजे मशीन दर वेळी न्यायचं आणि दर वेळी परत आणायचं. झाकण, बैठक धरून चौदा-पंधरा किलोचं ते धूड.

मी आधी एस्टीनं नेऊन बघितलं. कंडक्टर चांगला होता, त्यानं दाराजवळ जागा करून दिली. पण एका वळणावर मशीन पायाजवळून सरकलं, कलंडलं, आणि झाकणाची एक बिजागरी निखळली. सुई धरणारा दांडा किंचित वाकला. तो सरळ करायला ह्यांना अख्खी दुपार लागली. ते काम करता करताच हे म्हणाले, "गाडीला कॅरियर करू. मशीन कसं हलतंय बघतोच मी."

वर्ग सुरू व्हायला दहा दिवस होते. बाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "पहिल्या सोमवारी नक्की या. जमणार नसेल तर आधी कळवा. सांगलीच्या एक बाई तयार आहेत." त्या सांगलीच्या बाईंना मी पाहिलेलं नाही. पण त्या दहा दिवसांत त्यांच्याइतका राग मी दुसऱ्या कुणाचा केला नसेल.

हे कामाला लागले ते फौजेच्या शिस्तीनं. मी मशीनची मापं दिली. लांबी, रुंदी, उंची, झाकणाची मूठ, चाकाचा दांडा बाहेर किती येतो तेसुद्धा. ह्यांनी ती दारामागच्या फळीवर खडूनं लिहिली. अर्ध्या इंचाचा पाइप आणला, वर पट्ट्या. गाडीचा मागचा, धरायचा दांडा काढला आणि त्याच्या भोकांत कॅरियरचे पुढचे पाय बसवले. खालच्या पायांना जागा हवी म्हणून डाव्या बाजूचं साडीगार्ड काढलं आणि त्याच्याच बोल्टावर पाय आवळला. मी बॅटरी धरून शेजारी उभी असायची, नट पुरवायची. ह्यांनी मला समजावूनही सांगितलं, "वजन मागच्या चाकाच्या पुढं पायजे. मागं गेलं की पुढचं चाक हलकं हुतंय, हँडल नाचतंय." मी मान हलवली. मला पटलंच होतं.

शनिवारी संध्याकाळी हिरवा रंग वाळला. कॅरियर खरोखर देखणा झाला होता. वेल्डिंगचा एक सांधा असा नव्हता की बोट फिरवलं तर खरखरेल. गल्लीतली माणसं जमली. आमच्या शेजारी एक दूधवाला राहतो, त्याच्या गाडीला दोन्ही बाजूंनी कॅन लटकतात. तो तर गुडघ्यावर बसून बघत होता.

"लय झ्याक, काका! ह्याच्यावर म्हस बांधली तरी हलायची न्हाई."

ह्यांनी मशीन उचलून वर ठेवलं, लांबीच्या बाजूनं, गाडीच्या दिशेनं सरळ. दोरीनं आवळलं. कॅरियर धरून अख्खी गाडी गदागदा हलवली. मशीन तसूभर सरकलं नाही. "ओके," म्हणाले, पुढं बसले, किक मारली आणि मागं वळून मला म्हणाले, "बस."

मी पदर खोचून पुढं झाले आणि थांबले.

बसू कुठं? ह्यांची पाठ आणि मशीन यांच्यामध्ये वीतभर जागा उरली होती. सीटचा मागचा अर्धा भाग कॅरियरनं घेतला होता. पाय ठेवायला पायरी नव्हती, ती साडीगार्डाबरोबर निघाली होती. तिथं आता हिरवा पाइप होता. हातानं धरायचा दांडाही गेला होता. आठ दिवस आम्ही दोघांनी डोकं लावून मशीनला जागा केली होती, आणि शिकवायला जाणारी बाई रस्त्यावर उभी होती.

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग सीटकडं. गाडी बंद केली. सगळ्यांनी मघापासून कॅरियर बघितला होता, नट बघितले होते, रंग बघितला होता, पण बाई बसणार कुठं हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. मग दूधवाल्यानंच तोंड उघडलं.

"त्यात काय, काकी? काका मशीन घिऊन जातील. तुमी एस्टीनं जावा की मागनं."

आणि हे म्हणाले, "व्हय, तसं बी जमंल."

मग मात्र माझं डोकं फिरलं. "शिकवायला मशीन जाणार हाय का मी?" मी विचारलं. "मशीन गाडीवर बसून जाणार आणि मास्तरीण एस्टीत लोंबकळत? आन् दोन दिवस हे, मग पावसाळा आला की मशीन बी न्हाई आन् मी बी न्हाई. त्यापरीस आत्ताच फोन करते त्या बाईंना. सांगते, सांगलीच्या बाईंना बोलवा."

"आगं, पर..."

"आवं, पर काय? तुमच्या फौजेत एकटा माणूस गाडी चालवतोय, मागं टपालाची थैली. मी थैली न्हाई."

हे मी चारचौघांत बोलले. बोलायला नको होतं, पण बोलले. दूधवाल्याला घरी काहीतरी काम आठवलं. बाकीचेही पांगले.

आत येऊन मी वही काढली. का काढली ते मलाही सांगता यायचं नाही. राग आला की मी वही चाळते, त्यानं हात शांत होतात. पानं उलटत होते आणि एकदम लक्षात आलं, की ह्या वहीत माझं पान नाही. स्वतःचा ब्लाउज मी अंदाजानं कापते, जुना पुढ्यात ठेवून. पस्तीस वर्षांत माझं माप कुणी घेतलं नाही, मीही नाही. मशीनचं माप देताना चाकाचा दांडा किती बाहेर येतो ते सांगितलं, आणि त्याच मशीनपुढं बसणाऱ्या बाईला किती जागा लागते ते सांगायचं राहिलं. आठ दिवस मी बॅटरी धरून शेजारी उभी होते! चूक एकट्या ह्यांची नव्हती. हे मान्य करायला मला जेवण होईपर्यंत वेळ लागला, आणि मान्य केलं तरी त्या रात्री मी ह्यांना ते सांगितलं नाही.

रविवारी सकाळी उठून मी बेदाण्याचे दोन रिकामे खोके मोडले. आमच्याकडं घराघरात ते असतातच. एका पुठ्ठ्यावर मशीनची बैठक ठेवून कडेनं रेघ मारली आणि तेवढा तुकडा कापला. दुसऱ्या पुठ्ठ्यातून सीटएवढा तुकडा कापला. हे चहाचा कप घेऊन पडवीच्या दारात उभे राहिले.

"काय चाललंय?"

"बेततीया."

"लोखंड हाय ते. कापड न्हवं."

"असू दे. कापायच्या आधी दोन्ही बेतायचंच असतंय. तुमी सरळ कापलंत, म्हणून माझं कापड कमी पडलं."

मी दोन्ही पुठ्ठे गाडीवर ठेवले. बाई अंगानं मोठी आणि ब्लाउजपीस आखूड असं रोज होतं. अशा वेळी बाह्या उभ्या लावून पुरत नाहीत, तुकडा फिरवून आडवा लावावा लागतो. मी मशीनचा पुठ्ठा उचलला आणि आडवा ठेवला. मशीन लांबीनं ठेवलं की गाडीची दीड हात जागा खातं, आडवं ठेवलं की एक वीत. बाकीची सीट मोकळी झाली. पुठ्ठ्याची टोकं दोन्ही बाजूंना बाहेर आली, पण हँडलच्या रुंदीपेक्षा आतच राहिली.

हे कप खाली ठेवून जवळ आले. टेप घेतली. हँडल मोजलं, पुठ्ठा मोजला, परत हँडल मोजलं. चष्मा काढून पुसला.

"आडवं," म्हणाले. "करेक्ट हाय."

ह्या माणसानं फौजेत मोठमोठ्या साहेबांच्या गाड्या बघून 'करेक्ट नाही' म्हटलेलं आहे, आणि घरी माझ्या आमटीलासुद्धा कधी करेक्ट म्हटलेलं नाही. ते ऐकून मला एवढा आनंद झाला, की शनिवारचा अर्धा राग तिथंच विरघळला. अर्धा मी राखून ठेवला.

"आजून एक," मी म्हटलं. "चाकाकडची बाजू जड असतीया. उचलणाऱ्याला म्हाईत असतंय. मी डावीकडं पाय सोडून बसणार, माझं वजन डावीकडं. मग चाक उजवीकडं पायजे."

ह्यांनी नट सोडून कॅरियर खाली उतरवला. मग गाडी मधल्या स्टँडवर लावली, पुढं स्वतः बसले आणि म्हणाले, "आता तू बस. बरोबर बस, नेहमी बसतीस तशी." मी बसले. हे उतरले, आणि माझी मापाची टेप घेऊन माझं माप घ्यायला लागले.

गुडघ्यापासून टाचेपर्यंत. सीटवर जागा किती लागते. डावा हात मागं नेला की तो कुठं पोचतो. ह्यांना टेप धरता येत नव्हती, ढिली धरत होते. मी वरून सांगत होते, "ताणून धरा, पर ओढू नका." गुडघ्याचं माप घेताना हे थबकले. काढलेलं साडीगार्ड उचलून त्याच्या जागी धरलं, पायरी बघितली, परत टेप लावली.

"पायरी दोन बोटं खाली हाय तुला."

"व्हय."

"मग पाय टेकत कसा हुता?"

"चवड्यावर. सांगलीला उतरलं की पोटऱ्या भरून येत्यात."

"इतकी वर्सं? बोलली का न्हाईस?"

"तुमी इचारलं कवा?"

हे तसेच उकिडवे बसून राहिले, साडीगार्ड हातात धरून. ह्या गाडीवर आम्ही किती फिरलो असू, लग्नं, बाळंतपणं, दवाखाने, जत्रा. गाडीच्या चेनचा ताण, चाकातली हवा, ऑइल, सगळं ह्यांना पाठ. मला रडू वगैरे आलं नाही, खोटं कशाला लिहू. पण पंचावन्न वर्षांची बाई मी, मधल्या स्टँडवर लावलेल्या गाडीवर बसलेय, आणि एक माणूस खाली बसून माझी टाच कुठं येते ते बघतोय. मला फार बरं वाटलं.

मापं लिहायची वेळ आली तेव्हा हे खडू शोधायला लागले. मी म्हटलं, "फळीवर नगं. वहीत लिवा." कोरं पान काढून दिलं. मी प्रत्येक पानावर बाईचं नाव लिहिते. ह्यांनी आजवर माझं नाव घेतलेलं नाही, लिहायचं तर दूरच. पेन्सिल हातात धरून जरा विचार केला आणि वर लिहिलं, 'मागं बसणारी'. खाली सगळे आकडे, फौजी अक्षरात, इंच-सूतात.

मग दिवसभर काम चाललं. ग्राइंडरनं डावा पाय कापला तेव्हा मला वाईट वाटलं, इतका सुरेख केलेला. वरची चौकट आडवी केली आणि वजन चाकाच्या पुढंच राहील इतकीच मागं सरकवली. मागचे पाय साडीगार्डाच्या बोल्टावरून काढून शॉकअपच्या वरच्या बोल्टांवर घेतले, पट्टी वाकवून. साडीगार्ड परत चढलं आणि त्याच्या पायरीवर दोन बोटं उंचीची नवी पायरी आली. माझा डावा हात जिथं पोचतो तिथं पाइप वाकवून धरायला कडं केलं. प्रत्येक तुकडा आधी नुसत्या टाक्यावर धरायचा, मला बसवून बघायचं, मग पक्कं वेल्डिंग. मी दिवसभरात किती वेळा चढले-उतरले असेन ते देव जाणे. दुपारी लाइट गेली ती चारला आली. तेवढ्या वेळात मी जुन्या बाजेची नवार काढून मशीनसाठी दोन पट्टे शिवले, त्याच मशीनवर. बैठकीखाली घालायला वाकळेचा तुकडाही दुमडून शिवला.

रंगाला वेळ नव्हता. सोमवारी सकाळी निघालो तेव्हा निम्मा कॅरियर हिरवा होता आणि निम्मा उघडा, वेल्डिंगच्या काळ्या डागांसकट. ह्यांना ते फार लागलं. "असं घिऊन जायचं म्हंजी..." असं दोनदा म्हणाले. मला तो तसाच आवडला होता.

रस्त्याला दोन्ही बाजूंनी द्राक्षबागा, बेदाण्याची शेडं, समोरून ऊस भरलेल्या ट्रॉल्या. मी नव्या पायरीवर पूर्ण पाऊल टेकून बसले होते, टाचेसकट. उजवा हात ह्यांच्या खांद्यावर, डावा कड्यात. गतिरोधक आला की मी मागं वळून बघायची. पहिले चार-पाच बघितले, मग बघायचं सोडून दिलं. पट्टे ढिले झाले नव्हते, मशीन हललं नव्हतं. एका ट्रॉलीच्या मागं अडकलो तेव्हा हे मान न वळवता म्हणाले, "पोटऱ्या?"

"बऱ्या हायत," मी म्हटलं.

माधवनगरात गिरण्यांच्या जुन्या वस्तीत ती खोली आहे. आम्ही पोचलो तेव्हा दहाही बायका दारात उभ्या होत्या. ह्यांनी पट्टे सोडले, मशीन आत नेऊन टेबलावर ठेवलं, चाक एकदा फिरवून बघितलं आणि बाहेर जाऊन गाडीजवळ उभे राहिले. मी दोरा ओवला, कापडाचा तुकडा दुमडून सुईखाली घेतला आणि दांडा फिरवला. पंचवीस किलोमीटर येऊन मशीन सरळ रेघेत शिवत गेलं, एकही टाका सुटला नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, हे एवढं जड मशीन आणलंत कसं?"

मॅडम! मी त्या शब्दाकडं लक्ष नसल्यासारखं केलं आणि म्हटलं, "चला, दाखवते." पहिला तास सुरू व्हायच्या आधी दहा बायका रस्त्यावर आल्या आणि माझा कॅरियर बघून गेल्या. त्यातली एक लगेच पायरीवर पाय ठेवून बसून बघायला लागली, आणि हे गडबडून लांब जाऊन उभे राहिले. त्या दिवशी मी त्यांना कापायला शिकवलं नाही. नुसतं माप घ्यायला शिकवलं.

ही झाली वर्षापूर्वीची गोष्ट. सांगलीच्या बाईंना बोलवायची वेळ आली नाही. दुसरी तुकडी चालू आहे. कॅरियर नंतर पूर्ण हिरवा झाला.

गेल्या महिन्यात तोच दूधवाला गाडी घेऊन दारात आला. "काका, मला बी तसला कॅरियर करून द्या. कॅन लटकवून मागचं मडगार्ड पार फाटलंय." हे गाडीभोवती फिरले, मडगार्ड हलवून बघितलं.

"मागं कोण बसतंय?"

"कोण न्हाई. कॅन असत्यात."

"बाजारच्या दिवशी?"

"मंडळी बसती की."

"मग तिला घिऊन ये."

"तिला कशाला? कॅनचं माप घ्या की."

"कॅनचं माप मला ठावं हाय, गड्या. तिला घिऊन ये, मगच पाना लावतो."

दुसऱ्या दिवशी ती आली. कामातून उठून आली होती, हात अजून ओले होते. आपल्याला का बोलावलंय हे तिला कळत नव्हतं. ह्यांनी गाडी मधल्या स्टँडवर लावून ठेवलीच होती. मी तिला वर बसवलं.

"पाय कुठं ठेवतीस गं?"

"कॅनवर, काकी."

"घसरत न्हाई?"

तिनं नवऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "घसरतोय की," म्हणाली. दूधवाला खाली बघायला लागला.

तेवढ्यात ह्यांनी आत जाऊन माझी वही आणली होती. टेप माझ्या हातात दिली, कानामागची पेन्सिल काढली आणि वही मांडीवर घेऊन पडवीच्या पायरीवर बसले. नवीन पान उघडलेलं होतं आणि त्याच्यावर मथळा आधीच लिहून झाला होता. 'मागं बसणारी.'

"हं," म्हणाले, "सांग."